मैनेची हाक

मी देवमन. तीस वर्षं पंचायत समितीत बाबू होतो, म्हणून कायदा माह्या अंगात भिनलेला. माही बायको मैना, तिचा जीव कोंबड्याइत. परसात पाच होत्या. त्यातली चांदी त तिच्या मांडीवर डोळे मिटून बसे.

"अंडी देते म्हणून लाड करून राहिली का?" मी चिडवायचो.

"तिची अंडी बंद होऊन दीड वर्ष झालं," मैना म्हणे. "तुमीबी रिटायरच आहा ना? तुमाले काढलं का घरातून?"

ओट्यावर उभी राहून ती 'ती-ती-ती' करे अन् पाचही धावत येत. पण हाकेमागं मूठभर ज्वारी पडलीच पाहिजे, हा तिचा कायदा. रिकाम्या हातानं कोण्या जिवाले बोलावू नये म्हणे.

आमची पोरगी नीलम अकोल्याले बाळंत झाली, तवा मैना महिनाभर तिकडं गेली. "थोडा जीव लावा त्याइले," एवढंच सांगून गेली. मी दाणे टाकायचो, पण लांबून, फेकून. आमचं कधी जमलंच नाई.

त्यातच गावाजवळच्या एका पोल्ट्रीत बर्ड फ्लू निघाला. एक किलोमीटरातले सारे पक्षी मारायचा हुकूम आला. पांढरे कपडे घातलेली माणसं आमच्या दारात आली, तशा पाचही कोंबड्या कडुनिंबावर चढल्या. कोणाच्याच हाती लागेनात.

"राहू द्या काका," त्याइचा साहेब म्हणाला. "उद्या जाळी घेऊन येतो."

उद्यापर्यंत मैनेले फोन तरी करता आला असता. पण मले अक्कल पाजळायची होती. सरकारी माणसापुढं सरकारी माणूस. "थांबा," म्हटलं, अन् ओट्यावर उभं राहून मैनेसारखी हाक दिली. आयुष्यात पहिल्यांदा. चांदी सगळ्याइच्या आधी उतरली. सरळ माह्या पायापाशी आली अन् मान वर करून माह्या हाताकडं पाहू लागली. मीच तिले उचलून त्याइच्या हाती दिली. मग बाकीच्या चार.

मैनेले फोनवर सांगितलं, जाळी टाकून पकडल्या. तिनं फोन ठेवून दिला.

परवा ती आली. पिशवी ठेवली अन् आधी परसात गेली, रिकामं खुराडं पाह्यलं. मी पुन्हा जाळीचं सुरू केलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "शेजारच्या केशरबाईनं भिंतीवरून सारं पाह्यलं. त्याच दिवशी सांगितलं मले."

मले वाटलं, आता भांडते. भांडली असती त बरं झालं असतं. लाजेनं माही मान वर होईना.

ती ओट्यावर बसली. मग तिनं इचारलं, "दाणे टाकले होते का त्याइले? का रिकाम्याच हातानं बोलावलं?"

"मले सुचलंच नाई, मैने."

ज्वारीचा डबा तवाबी ओट्यावरच्या फळीवर होता. हात लांबवला असता त लागला असता.