रूपाची फाईल आणि भिकुबाईचा दाखला

“मेलीची चेन नेमकी इथंच अडकायची!”

साक्रीच्या सेतू केंद्राच्या रांगेत रूपा माझ्या कानाशी पुटपुटली. मित्रांनो, ती मेली म्हणजे मी. मी एक जुनी, तपकिरी रेक्झिनची, चेनवाली फाईल आहे. मला राग आला नाही. चेन मी मुद्दामच अडकवली होती. मागचा माणूस मघापासून मान लांब करून माझ्या पोटात डोकावत होता.

माझा जन्म जळगावातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. एका बाईने मला शिवलं, दुसरीने चेन बसवली. ती जरा तिरकी बसली आणि तेव्हापासून माझी नजरही तिरकीच आहे. बियाणं विकणाऱ्या कंपनीच्या मेळाव्यात रूपाच्या वडिलांना, नवलभाऊंना, मी चहाबरोबर फुकट मिळाले. फुकट आलेलीला घरात काय मान असतो, ते तुम्हाला सांगायला नको. तरी सातबारा, रेशनकार्ड, माती तपासल्याचा कागद पोटात घेऊन मी इमानाने राहिले. “कागद ठेवावेत तर नवलभाऊंनी,” असं तलाठी एकदा म्हणाले, त्या दिवशी मी चांगली फुगले होते. पुढे कागद मोबाईलमध्ये गेले आणि मी मक्याच्या कोठीवर. तिथे एका उंदराने माझा कोपरा चाखून पाहिला. आवडला नसावा.

अकरावीला गेल्यावर रूपाने मला खाली काढलं आणि ओल्या फडक्याने पुसलं. पहिला कागद ठेवला तो तिच्याच अक्षरातला. त्यावर तिचा सगळा बेत होता. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी, यातलं काहीही सोडायचं नाही. मग नर्सिंगची सीईटी. मग चार वर्षं, आठ सत्रं. कुठे शरीररचना, कुठे औषधं, कुठे बाळंतपण, हे तिने धुळ्याला शिकणाऱ्या ललिता नावाच्या मैत्रिणीला विचारून लिहून घेतलं होतं. संध्याकाळी ती तो कागद मोठ्याने वाचायची. बाळंतपणाच्या सत्राशी आली की तिची आई कमलबाई चुलीपुढून उठून गोठ्यात जायची. गोठ्यात त्या वेळी काही काम नसायचं. मी ते ध्यानात ठेवलं.

रूपा सीईटी पास झाली. धुळ्याच्या एका कॉलेजच्या यादीत तिचं नाव लागलं. दहा दिवसांत मूळ कागद दाखवायचे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. सगळे कागद होते, फक्त वय आणि रहिवासाचा दाखला राहिला होता. त्यासाठी जन्माचा दाखला लागतो. तो नवलभाऊंनी ग्रामपंचायतीतून आणला, घडी केली आणि स्वतःच्या हाताने माझ्यात सरकवला. इतक्या आतल्या कप्प्यात का, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता.

रांग सरकली. खिडकीतल्या बाईंनी घडी उघडली.

“बेटा, ही भिकुबाई कोण?”

रूपाने वाकून पाहिलं. जन्मतारीख तिची, वडील नवल, आई कमलबाई. मुलीचं नाव मात्र भिकुबाई.

“दोन्ही नावं एकीचीच असतील तर तुझ्या आईचं प्रतिज्ञापत्र आण,” बाई म्हणाल्या. “पण लवकर. उशीर झाला तर दाखला वेळेत निघायचा नाही.”

घरी येताच तिने मला खाटेवर टाकलं. “नाना, भिकुबाई कोन शे?”

“लिखनारानी चूक व्हई,” नवलभाऊ म्हणाले आणि पायातला नसलेला काटा काढू लागले.

“जुनं कसाले उकरस व? भाकर खाय,” भागाबाई आत्या म्हणाल्या.

“भाकर जळी राह्यनी,” असं म्हणत कमलबाई चुलीकडे वळल्या. मित्रांनो, तव्यावर भाकर नव्हती.

मी जात्याच संशयी. चूक असेल तर तिला कुणी जुनं का म्हणेल? मला वाटलं, भिकुबाई नावाची वेगळीच मुलगी या घरात जन्मली असावी, गेली असावी आणि तिच्या जागी ही कुठून तरी आणली असावी. रूपालाही तेच वाटत असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरताना ती किती तरी वेळ आरशात आईचं नाक शोधत होती. मग मला जवळ ओढून हळूच म्हणाली, “तारीख मनी, मायबाप मना, नाव दुसरीनं. मग मी कोन?”

तेवढ्यात नवलभाऊंनी बोलावलेला योगराज आला. धुळ्याकडचा, मुलींना नर्सिंगला लावून देतो म्हणणारा. त्याच्या शर्टाच्या खिशाला चार पेनं होती. चार पेनांचा माणूस लिहितो कमी, हे मी तलाठी कचेरीत शिकले आहे.

“नवलभाऊ, टेन्शन कशाला घेता? मूळ कागद माझ्याकडं ठेवा. रूपाच्या नावाचा नवा कोरा दाखला आणून देतो. शिक्का एकदम ओरिजिनल.”

“पोरीचं वर्ष वाया जाण्यापेक्षा बरं,” म्हणत नवलभाऊंनी मला त्याच्या हाती दिलं. त्याने चेन ओढली. मी दात आवळले. त्याने पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा ओढणार तोच रूपाने मला हिसकावून घेतलं.

“खोटा दाखला घेऊन नर्स होऊ मी? उद्या पेशंटच्या मनगटाच्या पट्टीवरचं नाव वाचताना कोणतं खरं धरू?”

“पोरगी हुशार आहे,” योगराज हसून म्हणाला, “पण हुशारीने सीट मिळत नाही ताई.”

“मग जाईल सीट,” रूपा म्हणाली. तो बेताचा कागद मी दोन वर्षं सांभाळला होता. सीट गेली तर त्याचं काय होणार, ते मला कळत होतं.

मित्रांनो, पुढचं सांगण्याआधी एक विनंती करते. माझ्यासारखीला कोरड्या जागी ठेवा, उंदरांपासून जपा. कागद नुसता घडी करून ठेवू नका, वाचा. आणि त्यात न कळणारं काही दिसलं, तर मनात कुढण्यापेक्षा घरच्या माणसाला पुन्हा पुन्हा विचारा. संशय घ्यायला मी आहे.

त्याच दुपारी रूपाने नाना, आई आणि आत्या या तिघांनाही तहसील कचेरीच्या आवारात आणलं. वकिलाच्या टेबलाशी उषाताई टाईप करायला बसल्या होत्या. त्यांनी सुरुवात केली, “मी, कमलबाई, शपथेवर लिहून देते की रूपा आणि भिकुबाई ही एकच मुलगी आहे. बरं, दोन नावं का पडली?”

“चुकून,” नवलभाऊ म्हणाले.

“भाऊ, चुकून रूपाची रुपा होते. भिकुबाई होत नाही.”

“लिखी टाक ना बाई काहीबी,” भागाबाई म्हणाल्या.

“काहीबी लिहायला ही काय हळदीकुंकवाची चिठ्ठी आहे का अक्का? खाली शपथ आहे. सही करणाऱ्या बाईंनी सांगावं.”

रूपाने मला छातीशी इतकं घट्ट धरलं की तिची धडधड मला कप्प्याकप्प्यात ऐकू येऊ लागली.

“माय,” ती म्हणाली, “मी तुनीच शे ना?”

नवलभाऊ उठून जाऊ लागले. कमलबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

“हिना पहिले तीन पोरं गयात,” त्या म्हणाल्या. टाईप करणारी बोटं थांबली. “बारसंपावत एकबी जगनं नही. हाई चौथी. मीच सांगं ग्रामसेवकले, भिकुबाई लिख. भीक मांगेल पोर शे, हाई आम्हनी नही, असं मरनले वाटाले पाहिजे. मंग शाळामा घालं तवय रूपा नाव दिन्हं.”

मग त्या लेकीकडे वळल्या.

“तू मनीच शेस. पन तोंडानं तसं म्हनानी माले आजपावत भीती वाटे.”