दातांच्या डॉक्टरांचा कोट

लाँड्रीवाल्या मावशींची कपडे वाळवायची भट्टी कोळशावर चालायची. एक दिवस त्यांचा धाकटा दीर पोतं खांद्यावर टाकून आला. तो रसाच्या कारखान्यात कामाला होता. तिथे साचणाऱ्या संत्र्याच्या साली वाळवून, भरडून, यंत्रात दाबून त्याने हाताएवढ्या कांड्या केल्या होत्या.

"वहिनी, एकदा पेटवून तर बघा."

कांड्या धडधडून पेटल्या. चादरी बघता बघता कडक वाळल्या. फक्त धुराडं जरा गळकं होतं, त्यामुळे कपड्यांना संत्र्याचा वास लागला. गिऱ्हाईकं खूश झाली.

आठवडाही झाला नसेल, तोच कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर कोट घेऊन आले.

"मावशी, माझा धंदा बुडवलात तुम्ही."

"का हो, डाग राहिला?"

"डाग नाही, वास. मी वाकलो की पेशंटच्या तोंडाला पाणी सुटतं. साधंसुधं नाही, लोंढा. काल दाढेत सिमेंट भरलं, ते वाहून गेलं. वर तो बाबा म्हणतो, डॉक्टर, अजून जरा वाका."

मावशींना हसू आवरेना, पण गिऱ्हाईक जुनं होतं. त्यांनी दिराला विचारलं. तो म्हणाला, डाळिंबाच्या सालीही पडून आहेत, चांगल्या तुरट. मग कोट डाळिंबावर वाळवला.

पेशंटांची तोंडं अशी कोरडी पडली की डॉक्टरांचं काम निम्म्या वेळात होऊ लागलं. पण कोट दिवसभर अंगावर त्यांच्याच. त्यांची जीभ टाळूला चिकटली ती सुटेना. माणूस मुळात बोलघेवडा. त्यांच्या सासुरवाडीच्या गोष्टी ऐकताना दाढ कधी निघाली, हे पेशंटला कळायचंही नाही. आता एक मुका माणूस हातात चिमटा घेऊन जवळ येतो म्हटल्यावर लोक खुर्चीतून उठून पळू लागले.

डॉक्टर पुन्हा आले. बाटलीभर पाणी प्यायले तेव्हा कुठे आवाज फुटला.

"मावशी, काहीतरी करा."

दिराने डोकं खाजवलं. "केळीचे खुंट वापरू या. त्यांना स्वतःचं असं काही मतच नसतं."

घड काढल्यावर उरलेले खुंट महिनाभर उन्हात पडले, मग त्यांच्या कांड्या झाल्या. कोटाला कसलाच वास आला नाही. डॉक्टरांची जीभ सुटली, खुर्ची भरली.

मावशींची एक दाढ केव्हाची ठणकत होती, पण भीतीने त्या कुणाला सांगत नव्हत्या. डॉक्टरांनीच ओळखलं आणि हाताला धरून खुर्चीत बसवलं. मग सासऱ्यांच्या म्हशीची गोष्ट सुरू केली. मावशी आ वासून ऐकत राहिल्या. हातात कपडा न देता त्यांच्याशी इतका वेळ कुणी बोललं नव्हतं. दाढ निघाल्यावरही त्या उठल्या नाहीत.

"झालं, मावशी," डॉक्टर म्हणाले.

मावशींनी तोंडात कापूस धरूनच हाताने खुणावलं, म्हशीचं पुढे काय झालं ते सांगा.