मधली रांग

गुरुवारी संध्याकाळी वाघोलीतल्या त्या सोसायटीच्या हॉलबाहेर चपलांचा डोंगर व्हायचा. आत अगरबत्तीचा धूर, पंखे पूर्ण वेगात, आणि सगळी सोसायटी श्वास रोखून बसलेली.

समोरच्या भिंतीला लागून भगव्या कापडाने झाकलेला चौरंग, त्यावर नादानंद महाराज. डोळे मिटलेले, तोंडही मिटलेलं. तरी पुढ्यातल्या तांब्यातलं पाणी थरथरायचं, खिडकीची काच हादरायची आणि लोकांच्या छातीत आतून कुणी धडका दिल्यासारखं व्हायचं. आवाज म्हणाल, तर नाहीच!

"हा अनाहत नाद!" महाराज डोळे उघडून सांगायचे. "वाद्याविना उमटणारा. विज्ञान याला क्वांटम म्हणतं, आम्ही कृपा म्हणतो. मन शुद्ध असेल त्याच्याच छातीत उतरतो, हृदयाच्या नळ्या धुऊन काढतो."

"प्लंबरच की," निकिता दीपमालाच्या कानात पुटपुटली.

दोघी याच सोसायटीतल्या सुना, बसल्या होत्या मधल्या रांगेत. पहिल्यापासूनची रीतच होती ती. पुढे महाराजांच्या पायाशी सासवा, मागच्या भिंतीला टेकून सासरे मंडळी आणि मधे सुना. प्रसाद वाटायला दोन्हीकडे उठायचं कुणी? सुनांनीच. नाद पुढे यायचा, मागेही यायचा. मधल्या रांगेला मात्र काही म्हणजे काही व्हायचं नाही. महाराजांचा निकाल ठरलेला. "सुनांची मनं मळली आहेत."

दीपमाला हे हसण्यावारी नेत असे. तिच्या सासूबाईंनी, दुर्गाबाईंनी, हृदयाच्या गोळ्या बंद केल्या त्या दिवसापर्यंत.

"आई, पाय बघा किती सुजलेत. दोन जिने चढताना धाप लागते तुम्हाला."

"नाद धुऊन काढते सगळं," दुर्गाबाई अमरावतीच्या ठसक्यात म्हणाल्या. "तुले तर येतही नाही नाद. तू मले कायले शिकवतेस?"

आईविना वाढलेल्या दीपमालाला लग्नानंतर या बाईनेच केसांना तेल लावून दिलं होतं. तीच आता डोळ्यांदेखत खचत होती, आणि सुनेचा शब्द मात्र मळका ठरला होता.

त्या रविवारी अभिनवने, तिच्या नवऱ्याने, हौसेने आणलेलं होम थिएटर जोडायला घेतलं. सबवूफर म्हणजे जाड, खालचे आवाज काढणारं काळं खोकं. ते टीव्हीशेजारी ठेवलं, तर सोफ्यावर दणका पोहोचेना.

"याची एक युक्ती असते," अभिनव म्हणाला. त्याने खोकंच उचलून सोफ्यावर ठेवलं, एक जाड सूर चालू केला आणि स्वतः जमिनीवर रांगायला लागला. "दणका जिथे जास्त ऐकू येईल, तिथे नंतर खोकं ठेवायचं. चल, तूही रांग."

"लेकराबाळांची वाट पाहून राहिले मी, अन् हे दोघंच रांगायले लागले!" दुर्गाबाई दारातून म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या. तेवढ्यात त्यांचा हात छातीवर गेला. डोळे भरून आले. "अरे बाप्पा! महाराज घरी आले!"

त्यांनी सबवूफरला हात जोडले.

दीपमाला खोलीच्या मधोमध, गुडघ्यांवर, तशीच थांबली. तिथे काहीच जाणवत नव्हतं. ती भिंतीपाशी गेली, छातीत धडक बसली. पुन्हा मधे आली, शांत.

"आई, हे यंत्र आहे हो."

"महाराजांची कृपा यंत्रातूनही येते," दुर्गाबाईंनी विषय संपवला.

पुढच्या गुरुवारी सुना लवकर आल्या आणि पुढच्या-मागच्या भिंतींना टेकून बसल्या. निकिताने सगळ्यांना गोळा केलं होतं. सासू-सासरे आले तेव्हा उरली होती ती मधली रांग.

"हे काय? उठा!" सोसायटीचे चेअरमन श्यामसुंदर ओरडले.

"आमची मनं मळलेली आहेत ना, काका," दीपमाला म्हणाली. "म्हणून महाराजांच्या जवळ बसलोय. लवकर धुतली जातील."

हशा पिकला. महाराजांना नाही म्हणता येईना. त्यांनी डोळे मिटले. काच हादरली, पाणी थरथरलं आणि सुनांच्या दोन्ही रांगांतून "अगं बाई!" असं उमटलं. मधल्या रांगेतल्या सासवा एकमेकींकडे बघत राहिल्या. दुर्गाबाईंनी हात जोडले.

"माझं काय चुकलं, महाराज?" त्यांनी विचारलं.

दीपमालाला ते सोसवेना. ती ताडकन उठली. "तुमचं काही चुकलेलं नाही, आई. फक्त जागा बदलली." आणि तिने चौरंगाचं पुढे लोंबणारं भगवं कापड बाजूला ओढलं.

खाली अभिनवच्या सबवूफरसारखंच काळं खोकं होतं, त्याला हवा आतबाहेर करायला गोल भोक. तिने समईतली ज्योत निरांजनात घेऊन, पंख्याला हाताचा आडोसा करून, भोकासमोर धरली. खिडकीची काच थरथरत होती तशी ज्योतही नाचायला लागली.

"हे... हे निमित्तमात्र आहे," महाराज चाचरले. "मनाच्या तयारीसाठी."

"मग निमित्त काढू या." तिने प्लग उपसला. "आता आणा नाद. आम्ही थांबतो."

महाराजांनी डोळे मिटले. पाणी स्थिर. पंखे तेवढे फिरत राहिले.

"पंखे फुल्ल का लागतात, ते आज कळलं," मागून कुणीतरी म्हणालं. "खोक्याची घरघर झाकायला."

दीपमालाने सगळ्यांना सांगितलं, "टबातलं पाणी हिंदकळलं की काठाशी वरखाली होतं, मधोमध मात्र जागच्या जागी राहतं. या हॉलमध्ये हवेचं तेच होतंय. आवाज इतका खालचा की कानाला धड ऐकू येत नाही, अंगाला कळतो. भिंतीपाशी जोरात, मधे जवळजवळ नाही. यात कुणाचं मन शुद्ध नाही की मळकं नाही. आपण सुनांना मधे बसवलं आणि दोष त्यांच्या मनाला दिला, एवढंच."

महाराज मागच्या दाराने निघाले. "खोकं विसरलात!" निकिताने हाक मारली.

दुर्गाबाई मधल्या रांगेतच बसून होत्या. दीपमालाने पर्समधून गोळी काढली, ज्यातलं पाणी थरथरायचं तोच तांब्या पुढे केला.

"इथंच घेऊ?" त्यांनी विचारलं. "का भिंतीपाशी सरकू?"

"कुठेही बसून घ्या, आई. औषध जागा बघत नाही."

दुर्गाबाईंनी गोळी गिळली.

खरं असतं ते भिंतीपाशी खरं असतं आणि मधल्या रांगेतही. म्हणून यापुढे कुणी चमत्कार दाखवला, की हात जोडण्याआधी उठा, आणि एकदा जागा बदलून बघा.