अभयकुमारची गिटार आणि झिपरूचा सरस

मित्रांनो, १९६६ सालच्या वैशाखात माझे पोट फाटले. मी एक जुनी गिटार आहे. जन्म कलकत्त्याचा. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एका गार्डसाहेबांनी मला वाजवून वाजवून गुळगुळीत केले आणि परदेशी जाताना जळगावच्या अभयकुमारच्या हाती दिले. अभयकुमार हा डाळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. दुकान बंद झाले की गादीवर बसून तो एकच चाल घोळवायचा. मी आल्याच्या पुढच्याच वर्षी तो विषमज्वराने गेला. घरच्यांनी त्याच्या अंथरुणासोबत मलाही पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवले. तारा सैल करायच्या असतात, हे तिथे कोणाला ठाऊक? पत्रा तापला, तारांनी ओढ घेतली आणि एका दुपारी तारा अडकवायची पट्टी पोटाच्या फळीचा तुकडा घेऊन उखडली.

आवाज ऐकून त्याची बहीण चंद्रकांता धावत वर आली. आई गुलाबबाईंनी मला खाली आणवून देवाच्या कोनाड्याजवळ ठेवले.

"चंदा, त्यानं तुला शिकवलेली चाल मला एकदा हिच्यातून ऐकायचीय," त्या म्हणाल्या.

त्यांनी स्वतः बाभळीचा डिंक शिजवून मला जोडले. तारा ताणल्या की सांधा सुटे. पुन्हा जोडत, पुन्हा सुटे. माझ्या अंगात सारखी कुरकुर. धड मोडलेली नाही, धड सांधलेली नाही, मला चैन कसे पडावे?

शेवटी झिपरू सुताराला बोलावले. त्याने मला उलटसुलट केले.

"अक्का, डिंक लाडूसले बरा शे. हिले सरस लागी."

सरस म्हणजे जनावरांची हाडे-कातडी उकळून केलेला चिकट पदार्थ. जैनांच्या घरात त्याचे नावही निघत नसे.

"मग मोडकीच राहू दे," गुलाबबाई म्हणाल्या. "ते या घरात चालायचं नाही."

"पन अक्का, हिना बठ्ठा सांधा पहिलेपाईन सरसनाच शेतस."

म्हणजे माझा सांधा न् सांधा जन्मापासून सरसानेच जोडलेला! गुलाबबाईंचा हात माझ्यावर होता. तो त्यांनी काढून घेतला. त्या माळ घेऊन बसल्या, पण मणी पुढे सरकेना. मी कोनाड्याजवळ धास्तावून पडले होते. आता मला बाहेर टाकतील की काय?

"हिला झिपरूकडे ने," तो गेल्यावर त्या चंद्रकांताला म्हणाल्या. "जोडू दे. पण परत इथं आणू नकोस."

"मग तू ऐकणार कशी, बाई?" चंद्रकांताने आईला विचारले.

गुलाबबाईंनी पुन्हा माळ हाती घेतली.

झिपरूने सरस लावला, मला दोराने आवळले आणि वर दगड ठेवले. सांधा वाळल्यावर चंद्रकांता मला घेऊन त्याच्या ओट्यावर बसली. आता सांधा टिकेल का? गुलाबबाई ऐकायला येतील का?

त्या आल्या. ओट्यावर चढल्या मात्र नाहीत. गल्लीपलीकडे लिंबाखाली नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. चाल सुरू झाली आणि संपली.

"मधे तो अडखळायचा," त्या तिथूनच म्हणाल्या. "तू नीट वाजवलंस."

चंद्रकांताने पुन्हा सुरुवात केली आणि भावासारखीच अडखळली. गुलाबबाई गल्ली ओलांडून आल्या आणि ओट्यावर तिच्याशेजारी बसल्या.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू माळ्यावर टाकू नका. टाकलीच, तर तिच्या तारा तरी सैल करा.

मी झिपरूकडेच राहिले. गुलाबबाई मला ऐकायला येत राहिल्या आणि १९७३ साली वारल्या. झिपरूची नजर गेली, तो मुलीकडे पाचोऱ्याला जाऊन राहिला. चंद्रकांता लग्न होऊन धुळ्याला गेली होती, तिने मला तिकडे नेले. कशाने जोडलीय, हे तिने सासूबाईंना कधी सांगितले नाही. गल्लीतली मुले तिच्याकडून ती चाल शिकली. सगळी एकाच जागी अडखळतात, आणि ती कोणालाच दुरुस्त करत नाही.