उठलीस तर चॅनेल जातील

समोरच्या तात्यांच्या दिवाणखान्यात त्या संध्याकाळी पाऊल ठेवायला जागा नव्हती. पलंगावर बायका, जमिनीवर पोरं, दारात खालचा शिंपी, त्याच्या खांद्यावरून डोकावणारे आणखी चारजण. टीव्हीवर मॅच रंगात आली होती. तात्यांनी टीव्हीची वर्गणी बंद करून वर्ष होत आलं होतं. घरात केबल कंपनीचं फक्त इंटरनेट होतं, तेही चिरंजीवांच्या ऑफिसच्या कामापुरतं. तरी चॅनेल येत होते, फुकट येत होते, आणि तरंगबाबांच्या कृपेने येत होते. मीही रोज जात असे. बाबांवर विश्वास नसणाऱ्यालाही मॅच बघायची असतेच.

"विश्वात सगळं तरंगतंय," बाबा डोळे मिटून सांगत होते. "बातम्या तरंगतात, गाणी तरंगतात, मालिका तरंगतात. कंपनी त्यांना पकडून विकते. मी त्यांना नुसतं घरी बोलावतो."

"आणि जाहिरातींना?" मी विचारलं.

"त्या न बोलावता येतात."

माणूस हजरजबाबी होता, हे मान्य करायला हवं.

बाबा मुळात तात्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या गुडघ्यांसाठी आले होते. गुडघे होते तसेच राहिले. पण पहिल्याच दिवशी बाबांनी दिवाणखान्याचं दार आतून लावून ध्यान केलं, आणि दार उघडलं तेव्हा बाबा भिंतीजवळच्या खुर्चीत टेकून बसले होते आणि बंद पडलेला टीव्ही बोलत होता. टीव्हीवर तांब्याचं एक कडं लटकत होतं. सगळ्यांनी हात जोडले. फक्त सूनबाईने विचारलं, "बाबा, टीव्हीमागची ही काळी तार कुठे जाते?"

बाबांनी उठून तिच्याकडे मायेने पाहिलं. "जिला शंका येते, तिच्याच अंगी शक्ती असते. बाळ, माझ्या या खुर्चीत बस."

ती बसली. चित्र लख्ख.

"आता ऊठ."

ती उठली. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

तेव्हापासून ती बसून होती. खुर्ची जुनी, जड, मागचा एक पाय आखूड. सूनबाईची पाठ भिंतीकडे, तोंड गर्दीकडे. सुरुवातीला शेजारणींना हेवा वाटला, स्वयंपाकातून सुटली म्हणून. पुढे तिचं ताटही मांडीवर येऊ लागलं, तेव्हा हेवा ओसरला. ती जरा हलली की सगळी खोली ओरडे, "उठू नकोस गं!" न्हाणीघरात जायचं तर काकू म्हणत, "थांब हं, जाहिराती लागू देत." तिच्या झोपायच्या खोलीत बाबांचा मुक्काम होता.

सोमवारी तिला नोकरीवर हजर व्हायचं होतं. इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात, लग्नानंतर पहिल्यांदाच. पण बाबांनी सांगून ठेवलं होतं, "आसन मोडलं तर घरातल्या मोठ्या माणसाच्या हृदयावर येईल." तात्यांना एक झटका येऊन गेलेला. त्यांनी सुनेला सरळ सांगितलं, "नोकरी काय, दुसरी मिळेल. माझा जीव दुसरा मिळणार आहे का?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बघू या आपण," आणि मॅच बघू लागला.

शनिवारी गर्दी पांगल्यावर तिने मला हळूच हाक मारली. "भाऊ, मी पुढे सरकून बसले की चित्र जातं. मागे टेकले की येतं. शक्ती माझ्यात असेल, तर वीतभर पुढे सरकल्यावर ती जाते कुठे?"

मला हे सुचलं नव्हतं.

"तुमच्याकडे रद्दी साठलीय ना? एक भला मोठा गठ्ठा बांधून आणा उद्या. बाबांसमोर."

रविवारी जाहिराती लागल्या आणि ती उठली. मुंग्या आल्या. मी गठ्ठा खुर्चीत ठेवून पाठीशी दाबला. खुर्ची मागे कलली आणि पडद्यावर मैदान हिरवंगार झालं.

सगळ्या माना टीव्हीवरून खुर्चीकडे वळल्या.

"बाबा, रद्दीतही शक्ती असते का हो?" सूनबाईने विचारलं.

"कुठला पेपर आहे, बघा तरी," दारातून शिंपी म्हणाला.

बाबा घसा खाकरून म्हणाले, "गठ्ठ्याला मुलीचा स्पर्श झालाय."

"गठ्ठा मी बांधला आणि मीच आणला," मी म्हणालो.

तोवर तिने खुर्ची ओढून बाजूला केली होती. भिंतीतून आलेल्या काळ्या तारेला एक छोटा धातूचा जोड बसवलेला होता. त्यातून एक फाटा इंटरनेटच्या डब्याकडे, दुसरा टीव्हीकडे. टीव्हीच्या फाट्याचा नट सैल होता. खुर्चीची पाठ दाबली की तो टेकायचा, सुटली की निसटायचा. तिने नट बोटांनी घट्ट पिळला. खुर्ची रिकामी, चित्र जागच्या जागी.

"इंटरनेट येतं त्याच तारेतून चॅनेलही येतात," ती म्हणाली. "मी इथं बसूनच कंपनीला फोन करून विचारलं. नुसतं इंटरनेट घेणाऱ्यांच्या तारेवर चॅनेल अडवणारी गाळणी लावतात. आपल्याकडे लावायची राहिली. बाबांनी दार लावून तारेला फाटा फोडला आणि नट सैल ठेवला. मी तार कुठे जाते विचारलं, म्हणून मलाच तिच्यापुढे बसवलं. मी उठायचं नाही आणि मागे कुणी बघायचं नाही!"

"मग आता?" कुणीतरी विचारलं.

"उद्या कंपनीचा माणूस गाळणी लावायला येतोय."

"अगं, फायनल तरी होऊ द्यायची!" पलंगावरून आवाज आला. बाबांवर कुणी चिडलं नव्हतं, तिच्यावर मात्र सगळी खोली चिडली होती. त्या गडबडीत बाबा पिशवी घेऊन जिना उतरले.

तात्या छातीला हात लावून बसले होते. "आसन मोडलंस. घटकाभर बस गं. माझ्यासाठी."

ती खुर्चीकडे गेलीच नाही. त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि त्यांचं मनगट धरलं. "तात्या, नाडी ठीक चाललीय. मी आहे इथे. काही होतंय का, आपण दोघं मिळून बघू."

दोघं बघत राहिले. शेवटची विकेट पडली. तात्यांना काही झालं नाही.

"उद्या कामावर किती वाजता निघायचंय तुला?" त्यांनी विचारलं.

चमत्कार दाखवणारा माणूस आधी कुणाला तरी जागेला खिळवतो आणि उठलीस तर घरावर संकट येईल असं बजावतो. तुमच्या घरात असं कुणी खिळून बसलं असेल, तर त्याला उठू द्या आणि सगळ्यांनी मिळून मागे वाकून बघा. चॅनेल गेले तर जाऊ देत.