अकरा वर्षांचा अबोला

हाजी नुस्रत गेले आणि कझ्वीनच्या बाजारातलं त्यांचं कबाबाचं हॉटेल त्यांच्या लेकीच्या, फरंगीसच्या गळ्यात पडलं. ती तेहरानला कोर्टाच्या कागदपत्रांची भाषांतरं करायची. वीस वर्षांत पदरचा एक शब्द घातला नव्हता की मूळचा एक गाळला नव्हता, याचा तिला अभिमान होता. हॉटेल बुडायला तेवढं पुरेसं होतं.

भट्टीवर उस्ताद सफदर, भाताच्या पातेल्यावर मश्ती कुदरत. दोघांमध्ये चार पावलांचं अंतर आणि अकरा वर्षांचा अबोला. सफदर एकदा गिऱ्हाइकांदेखत म्हणाला होता, "भात म्हणजे काय, कबाबाखालची सतरंजी!" कुदरतनं त्याच्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. तेव्हापासून एकाचा निरोप दुसऱ्याला हाजी सांगत. आता ते काम फरंगीसकडे आलं.

"खानुम, त्या भातवाल्याला सांगा," सफदर सीख फिरवत म्हणाला, "कबाब उतरतोय. भात आज वाढणार की उद्या?"

फरंगीस चार पावलं चालली. "मश्ती, कबाब उतरतोय. भात आज वाढणार की उद्या, असं ते विचारतायत. तुम्हाला 'भातवाला' म्हणाले."

कुदरतनं झारा खाली ठेवला. "त्याला सांगा, आधी मांस नीट शिजव. कालचा कबाब चावून गिऱ्हाईक दातांच्या डॉक्टरकडे गेलं म्हणे."

तिनं तेही सांगितलं. दातांच्या डॉक्टरसकट.

पाच आठवडे असंच चाललं. मग एका बुधवारी सकाळी दोघांनीही ॲप्रन सोडले आणि नोकरीही सोडली. शुक्रवारी हाजींचा चाळिसावा दिवस होता; दीडशे माणसं जेवायला यायची होती. हाजींच्या नावाचं जेवण दुसऱ्याच्या हॉटेलातून आणायचं? फरंगीस दोघांच्या वाटेत आडवी उभी राहिली.

"पगार वाढवते," ती म्हणाली.

"पैशाचं नाव काढू नका," सफदर म्हणाला.

"मग माझं चुकलं काय? मी एक शब्द बदलला नाही!"

"तेच तर!" दोघंही एकदम म्हणाले, आणि एकदम बोललो म्हणून दोघंही ओशाळले.

कुदरत स्टुलावर टेकला. "पोरी, मी म्हणायचो, 'त्या गाढवाला सांगा, भात अजून निथळतोय.' हाजी तिकडे जाऊन म्हणायचे, 'उस्ताद, तुमच्या कबाबाला शोभेल असा भात करतोय मश्ती. जरा दम धरा म्हणतो.'"

"पण उस्ताद तर समोरच उभे! 'गाढव' ऐकू यायचं की त्यांना."

"न यायला मी काय बहिरा आहे?" सफदर म्हणाला. "आधी शिवी ऐकायची, मग हाजींची गोड थाप. दिवसातून शंभर वेळा. माणसाला आणखी काय लागतं? तुम्ही आलात आणि तीच शिवी दोनदा ऐकावी लागली."

"मी शपथ घेतलेली भाषांतरकार आहे हो," फरंगीस कशीबशी म्हणाली.

"ती तेहरानात. इथे कसली शपथ?"

तिनं बाह्या सरसावल्या. "शिकवा मग."

सफदरनं भिंतीकडे तोंड केलं. "त्या घुबडाला सांगा, शुक्रवारी भात कच्चा राहिला तर याद राख."

"मश्ती, उस्ताद म्हणतायत, तुमचा भात... चांगला असतो."

"छे!" सफदर ओरडला. "असं मी मेलो तरी म्हणेन का? थाप मारायची तर माझ्या तोंडी शोभेल अशी मारा."

"आणि खोकायचं राहिलं," कुदरत म्हणाला. "हाजी आधी खोकायचे. त्यावरून कळायचं, आता थाप येतेय."

फरंगीस खोकली. खोकला जरा लांबलाच. सफदर विझलेल्या कोळशांना वारा घालू लागला. कुदरतनं झाकण काढून रिकाम्या पातेल्यात बराच वेळ बघितलं.

डोळे पुसून ती कुदरतसमोर उभी राहिली. "मश्ती, उस्ताद म्हणतायत, दीडशे माणसांचं जेवण एकट्यानं निभायचं नाही. तुम्ही असाल तर तेही आहेत."

कुदरतनं सफदरच्या पाठीकडे पाहिलं. पाठ काही नाही म्हणाली नाही.

"त्याला सांगा, तांदूळ उद्या संध्याकाळी भिजत घालतो," कुदरत ॲप्रनची गाठ मारत म्हणाला. "आणि त्या गाढवाला म्हणावं, कोळसा तेवढा आजच उन्हात टाक. दरवेळी माझ्या भाताला धुराचा वास येतो."

सफदरला शब्दन् शब्द ऐकू आला होता. तरी तो फरंगीसकडे वळला आणि हात बांधून उभा राहिला.

"काय म्हणतोय तो, खानुम?"