परत न्यायची फी

वेंडेलची बायको वारून महिना झाला होता. "भिंतीवरची बंदूक मला हाक मारते," असं त्याने शेजारच्या ऑडीला सांगितलं, आणि दुसऱ्या सकाळीच ती काही दिवस ऑडीकडे ठेवायची म्हणून दोघे लॉइसच्या बंदुकांच्या दुकानात आले. अमेरिकेतल्या या राज्यात बंदूक मित्राच्या हाती द्यायची तरी दुकानदारामार्फतच द्यावी लागते.

लॉइसने ऑडीकडून फॉर्म भरून घेतला आणि त्याच्यावर काही गुन्हा नाही ना, या सरकारी चौकशीचा फोन लावला. पलीकडून होकार आला.

वेंडेलने पाकीट काढलं. "तीस डॉलर ना गं?"

"ठेव ते. दुःखात दूर ठेवलेल्या बंदुकीची फी मी घेत नाही."

"अशानं दुकान बुडेल तुझं, लॉइसबाई," ऑडी म्हणाला.

"हा ती परत न्यायला येईल तेव्हा दुप्पट घेईन. शिवाय त्या दिवशी त्यानं इथं बसून माझी कॉफी संपवायची. कपभर बोलल्याशिवाय कागदावर माझी सही नाही."

"तुझ्या कॉफीपेक्षा बंदूक बरी," वेंडेल म्हणाला, आणि त्याने लगेच जीभ चावली.

लॉइसने कप भरून त्याच्यापुढे सरकवला. "मग आजपासूनच सवय कर."

ऑडी बंदूक घेऊन गाडीकडे गेला. वेंडेलने खुर्ची ओढली, गरम कप दोन्ही हातांत धरला, आणि हळूहळू बायकोबद्दल बोलू लागला.